गाडीवरचं झुरळ

१४ सप्टेंबर, शनिवार

गाडी आली! पांढरी ईको. आधी कुठल्याशा शाळेची मुलं नेत होती, मागच्या सीटखाली चॉकलेटचे कागद आणि एक मोजा सापडला. गणपतने पंप, ड्रिल, नळ्या, औषधाचे कॅन सगळं आत लावून पाहिलं. बसलं! गणपत म्हणजे माझा एकुलता एक कर्मचारी, वयाने माझ्याहून मोठा आणि झुरळांच्या बाबतीत निर्दय. आता ऑटोवाल्याला "भैया, कुछ नहीं होगा, ढक्कन बंद है" अशी समजूत घालत बसायला नको.

प्रश्न एकच — गाडीवर काय लावायचं? नुसती पांढरी फिरवली तर लोकांना वाटेल दूध टाकायला आलोय. अतुल म्हणाला, "करायचं तर पूर्ण रॅप कर, सगळी गाडी स्टिकरने झाक. अर्धवट काहून करायचं?" नवऱ्याला बोलायला काय जातं.

शाळेतली नोकरी सोडली तेव्हा त्याच्याशी ठरलंय, या दिवाळीच्या सीझनमध्ये पेस्ट कंट्रोलचं काम जमलं तर जमलं. नाही तर जूनपासून पुन्हा सातवी 'ब' आणि विज्ञानाचे पेपर. त्यापेक्षा मला झुरळं परवडली.

१५ सप्टेंबर

बाबांनी गाडीचं डिझाइन काढून दिलं! ग्राफपेपरवर, फूटपट्टीने. गाडी सगळी हिरवी, दारावर बारीक अक्षरात एक नंबर. संपलं.

"बाबा, आपण काय करतो ते कुठंय यात?"

"काहून लिहायचं? ज्याला गरज असते तो शोधत येते."

बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, सगळी नोकरी ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. तिथे काय बनवत होते ते त्यांनी सासूबाईंनाही कधी सांगितलं नाही, त्या बिचाऱ्या न विचारताच गेल्या. अतुलला शाळेत बाईंनी विचारलं होतं, वडील काय बनवतात? त्याने सांगितलं, पगार. तो माणूस आता माझी जाहिरात करणार!

अतुल म्हणाला, "बाबा, फौजी हिरवा आपल्या गाडीला चालत नाही. चालान होईल." बाबांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवला, फिरायला गेले.

हसले खरी. पण एक गोष्ट खुपते ती इथे लिहून टाकते. या हिंदी मुलखातले मराठी लोक जमतात त्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, सून काय करते, की बाबा म्हणतात, "कामावर जाते." पुढे एक अक्षर नाही. शाळेत होते तेव्हा मात्र "शिक्षिका आहे" असं स्पष्ट सांगायचे! मी स्वतः ऐकलंय. म्हणजे हे फॅक्टरीचं वळण नाही. त्यांना लाज वाटते.

१६ सप्टेंबर

परवापासून पितृपक्ष. पंधरा दिवस नवीन काही करायचं नाही, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं. म्हणून आजच जाऊन बसले रेडियमवाल्या साहूजींकडे. विचार करायला वेळ कुठे होता?

साहूजींचं म्हणणं, "मैडम, इतना बड़ा बनाओ कि सिग्नल पे बच्चा डर जाए." आणि बनवलं! दोन्ही बाजूंना एकेक झुरळ, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, उताणं, पाय वर. मिशा खिडकीवर चढल्यात. खाली लाल अक्षरांत — कॉकरोच? दीमक? चूहे? फोन घुमाइए! आणि माझा नंबर.

घरी आणली तेव्हा समोरच्या घरातला कुत्रा अर्धा तास भुंकत होता. बाबा फाटकाशी आले, एक चक्कर मारली, म्हणाले, "ऊन लागलं की कडा उचलतील, लक्ष ठेव." आत गेले.

१९ सप्टेंबर

फोन! फोन! फोन! पनागरला भाजीमंडीजवळ गाडी लावून चहा प्यायला उतरलो तर भोवती गर्दी. एका बियाणंवाल्याचं गोदाम तिथल्या तिथे मिळालं. एक आजोबा झुरळावर हात फिरवून म्हणाले, "बिटिया, असली से अच्छा है." गणपत दिवसभर फुशारला होता, जणू त्यानेच काढलंय.

साहूजींना पेढे द्यायचे.

२० सप्टेंबर

मझौलीचं काम ठरलं. दोन धान्याची दुकानं. गाता येत असतं तर गायले असते.

२४ सप्टेंबर

आज विचित्रच. राइट टाउनमध्ये एक डॉक्टरीणबाई, फोनवर अगदी गोड. गाडी फाटकाशी लागली आणि त्या चपला न घालता धावत बाहेर! "दीदी, ये यहाँ नहीं! मोड़ के उस तरफ लगा दो, प्लीज़." मग आम्ही पंप, कॅन, ड्रिल उचलून सगळा रस्ता चालत गेलो. वाटेत गणपतचं नाक मात्र बोलत होतं.

२६ सप्टेंबर

बडा फुहाराच्या बाजारात एक मिठाईवाला. गेल्या महिन्यात "दिवाली के पहले पक्का" म्हणाला होता. आज हात जोडले. "मैडम, दुकान के आगे ये गाड़ी खड़ी हुई तो मेरी दिवाली हो गई." काम रद्द.

आणि विनता मावशी! मंडळातल्याच, घरच्यासारख्या. "अगं, अवंतीला पाहायला लोक येऊन राहिले नवरात्रातल्या रविवारी. त्यांना काय वाटेल? तू नंतर ये. नाहीतर असं कर ना, बसनं ये." पंप घेऊन बसने!

म्हणजे रस्त्यावर सगळ्यांना माझं झुरळ आवडतं. आपल्या दारात कुणालाच नको. शाळेत विज्ञान शिकवलं आणि ही साधी गोष्ट सुचली नाही. ज्याच्या घरी गाडी उभी, त्याच्याच घरात झुरळं, हे सगळ्या गल्लीला मीच ओरडून सांगतेय!

२८ सप्टेंबर

तीन जणांनी काम पुढे ढकललं. चुरमुऱ्यांचा सबंध डबा संपवला.

२९ सप्टेंबर

आज माझा तोल गेला. जेवताना बाबा सहज म्हणाले, "मी म्हटलं होतं, लिहू नको."

मी म्हटलं, "तुम्हाला लाजच वाटते ना माझ्या कामाची? सरळ सांगा ना. मंडळात तर सांगतच नाही." आवाज चढला माझा. अतुलने ताटात खाली बघून वरण कालवायला घेतलं, कालवतच राहिला.

बाबांनी हात धुतले. जाताना म्हणाले, "भात चांगला झाला." भात! भात कुकरने केला होता.

वाईट वाटतंय. बोलले त्याचं नाही, ओरडले त्याचं.

१ ऑक्टोबर

सापडलं! आणि सापडलं ते गाडी लावताना. आमच्या गल्लीत गाडी भिंतीला चिकटवून लावावी लागते, म्हणजे एक बाजू भिंतीकडे, ती कुणालाच दिसत नाही. मग दोन्ही बाजूंना झुरळ कशाला? एकाच बाजूला ठेवायचं! बाजारात, हायवेवर, पनागरला ती बाजू लोकांकडे. गिऱ्हाइकाच्या दारात ती बाजू भिंतीकडे आणि रस्त्याकडे साधी पांढरी. मागच्या काचेवर फक्त माझ्या नावाने 'प्रणोती सर्व्हिसेस' आणि नंबर. कुणाला वाटेल एसीवाले, कुणाला वाटेल पाण्याचे फिल्टरवाले. वाटू दे!

अतुलला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे अर्धं बाबांचं डिझाइन, अर्धं साहूजींचं." खरंच की. आता हे बाबांना कोण सांगणार? मी तर नाही.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

पितृपक्ष संपला, घट बसले, आणि साहूजींनी उजव्या बाजूचं झुरळ सोललं. गरम हवा मारत, मिशीपासून सुरुवात करून. "मैडम, दिल दुखता है," म्हणाले. मलाही जरा दुखलं. चांगलं झुरळ होतं.

५ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्या बहिणीकडचं काम! गणपतने गाडी भिंतीला इतकी चिकटवली की मला त्याच्या बाजूच्या दारातून उतरावं लागलं. शेजारचे काका गच्चीवरून म्हणाले, "एसी सर्विस करते हो क्या?" गणपत म्हणाला, "सब करते हैं." गणपत, शाबास!

७ ऑक्टोबर

मिठाईवाला परत आला. काम करून आले, समोरच्या कापडवाल्यालासुद्धा कळलं नाही. विनता मावशींकडेही जाऊन आले. अवंतीचं जमलं! झुरळांनी काही बिघडवलं नाही.

दिवाळीपर्यंतचे सगळे दिवस भरले. आणखी एक माणूस ठेवावा लागणार. सातवी 'ब', मला माफ करा, मी येत नाही!

९ ऑक्टोबर

मंडळात भोंडला होता. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या कुणीतरी बाबांना विचारलं, "सूनबाई हल्ली दिवसा घरी दिसत नाहीत?" मी दाराआड चपला घालत होते. थांबले. मुद्दाम थांबले.

"कामावर असते," बाबा म्हणाले.

एवढं सगळं जमलं, तरी हे एक वाक्य घरापर्यंत टोचत आलं. माझा स्वभावच असा आहे. कुणाचं काय कौतुक हवंय मला? यांचंच हवंय.

११ ऑक्टोबर

मघाशी बाबांनी मागच्या खोलीत बोलावलं. कपाट भिंतीपासून ओढून ठेवलं होतं, एकट्याने! मागे बंद दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ, खालपासून वरपर्यंत. वाळवी. पोळ्याच्या आधीपासून आहे म्हणाले. पेस्ट कंट्रोलवालीच्याच घरात वाळवी निघाली हे बाहेर कळलं तर तुझ्या धंद्याचं कसं होईल, म्हणून गप्प होते. रोज रॉकेल चोळत बसायचे. रॉकेल!

मला हसू आलं, मग रडू आलं. म्हटलं, आत्ताच गणपतला बोलावते, गाडी भिंतीला लावून कुणाला कळणार नाही असं करू.

"नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी कर. दसरा आहे, सोनं द्यायला सगळं मंडळ येते आपल्याकडे. संध्याकाळपर्यंत गाडी हलवू नको. आणि झुरळ रस्त्याकडे ठेव."

"अहो बाबा, लोक विचारतील!"

"विचारू दे ना. सांगीन, घरात वाळवी लागली होती. माझी सून हेच काम करते, तिलाच बोलावलं."