लाळ सुटण्याचं शास्त्र

कार्डिफ, रविवार

तीर्थरूप अण्णांना हेमाचा लांबून, पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

"आमची हेमा हापूसला दरवर्षी मोहर आणणार," असं तुम्ही मालगुंडात अजून सांगता म्हणे. अण्णा, झाडांची संप्रेरकं सोडून मला बरीच वर्षं झाली. आता लाळग्रंथींना निरोप कसा पोचतो आणि लाळ कशी सुटते, ते मी शोधते. संदेशदादा म्हणाला, "म्हणजे थुंकी!" म्हणू दे. झाडात काय नि तोंडात काय, मी निरोप्याचाच माग काढते.

परवा लाळेचे नमुने हवे होते, तर इथल्या सभ्य लोकांना थुंकायची लाज. मग मी आईच्या कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. नळ्या भरल्याच, शिवाय आमच्या मोठ्या बाईंना रुमाल शोधावा लागला.

हे आईला सांगितलं, तर ती हसलीच नाही. म्हणाली, "ह्यांनी लोणचं सोडलंय, झोंबतं म्हणे. घासागणिक पाणी पितात." मला मात्र तुम्ही फोनवर सांगितलंत, "उकाडा आहे गो!" कलमाचं पान वाळलं तर तुम्ही कृषी अधिकाऱ्याला बागेत आणता, आणि स्वतःची जीभ वाळली तर नुसता तांब्या जवळ घेता?

तुम्हाला नुकत्याच सुरू झालेल्या नव्या गोळ्यांमुळेही तोंड असं कोरडं पडतं. त्या स्वतःहून बंद करू नका, पण सगळ्या पिशवीत घालून दादाबरोबर डॉक्टरांकडे जा. त्यांनी लाळ मागितली तर लाजू नका. मी रोज परक्यांची आर्जवं करते. आज पहिल्यांदा घरच्या माणसाची करतेय.

तुमची,
हेमा