खोक्यावर माझं नाव घाला

मी, सावेरिओ कापुआनो, वय बावीस, राहणार नेपल्स, हल्ली मुक्काम बेल्जियमची कोळसा खाण, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही आणि मी प्यायलेलो नाही. आज इम्माकोलाताचं पत्र आलं. ती हो म्हणाली! मे महिन्यात लग्न! कालपर्यंत माझ्या मरण्याने कुणाचं अडणार नव्हतं. आता अडेल, म्हणून हे मृत्युपत्र.

एक. साठवलेले पैसे आणि सायकल इम्माकोलाताला. लग्नाआधी मेलो तरी तिलाच. तिचे वडील म्हणाले होते, "कोळसेवाल्याला पोरगी देऊ? त्यापेक्षा समुद्रात ढकलीन." त्यांना माझ्यातर्फे कोळशाचा एक मोठा खडा. चारचौघांना दिसेल असा ठेवावा.

दोन. हे सगळ्यात महत्त्वाचं. रेस्तितूता मावशीने गुहेतली आपली कवटी बदलू नये! आमच्या गल्लीतल्या बायका तिथल्या हाडांच्या ढिगातली एकेक बेवारस कवटी सांभाळतात. दर सोमवारी ती पुसायची, प्रार्थना करायची, म्हणजे स्वर्गाआधी पापं जाळणाऱ्या शुद्धिस्थानाच्या आगीत त्या जिवाला थंडावा मिळतो आणि तो आपलं अडलेलं काम करून देतो. मी निघालो तेव्हा मावशी आपल्या कवटीतल्या जिवावर खेकसत होती, "मेल्या, किती चोळू तुला? पोराचं लग्न जमव, नाहीतर शेजारची कवटी घेते!"

मी म्हटलं, "मावशी, जरा दमानं. तो स्वतःच भाजतोय."

"भाजू दे! स्वप्नात येऊन नाव तरी सांगितलं का? चोर असणार."

ईस्टरपर्यंतची मुदत दिलीय तिने त्याला. मावशी, त्याने काम केलं गं, मुदतीच्या आत! आता तुझी पाळी. पैशातून आधी त्याच्या कवटीला काचेचं खोकं करायचं, उरतील ते इम्माकोलाताला. हा कागद बियाजो सुट्टीवर गावी येताना घेऊन येतोय.

तीन. बियाजो माझा खोलीतला सोबती. त्याला माझे बूट. खाली उतरताना रोज म्हणतो, "चला, शुद्धिस्थानात!" मी भांडतो. "गाढवा, शुद्धिस्थानातून सगळे वर येतात. उशिरा, पण सगळे. इथून येतात का?"

शुद्धिस्थान म्हणजे खाण नव्हे. ती पाळी सुटल्यावरची नहाणीघराबाहेरची रांग. अंगभर काजळी, पोटात भूक, पण घर ठरलेलं. काळ्या तोंडाने आत घेत नाहीत, एवढंच. आणि पाठ? आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही. बियाजो माझी चोळतो, मी त्याची. मेलेल्यांची जिवंतांनी चोळायची.

म्हणून शेवटचं. मी खाली गाडला गेलो तर कवटीसुद्धा हाती लागणार नाही. मावशी काय पुसणार? तर खोक्यावर माझं नाव घाला. त्याने स्वतःचं सांगितलं नाही ना, माझं घेऊ दे. एका नावावरची प्रार्थना दोघांना पुरेल. आधी स्वच्छ होईल त्याने वर दुसऱ्यासाठी जागा धरावी.

आणि मेलो नाही तर? तरी घाला! लग्नातले साखरबदाम त्याच्यापुढेही ठेवा.

साक्षीदार: बियाजो रुओक्को ("सायकलही मला लिही की!" नाही लिहिणार.)
साक्षीदार: योझेफ, नहाणीघराचा राखणदार. त्याला इटालियन येत नाही, यातलं अक्षर कळलं नाही, पण मला हसताना बघून सही केली.

खाणवस्ती, १७ मार्च १९५३.

सही: सावेरिओ कापुआनो, या नावाच्या दोघांतला जिवंत.