चारही चाकांना समान काम

लोणावळा,
२८ सप्टेंबर

आदरणीय विठ्ठलदादा,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर किती निघाली? (त्या सांगतील त्यात वीस मिळव आणि मग मला कळव.) शिरगावला दर्शनाला येणारे लोक अजून तुझ्याच फाटकासमोर गाड्या लावतात का, आणि तू अजून खुर्ची टाकून त्यांना गाडी सरळ कशी लावायची ते शिकवतोस का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. सुहासचं तुला माहीतच आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण नवऱ्याने माझं एकही भाषण मध्येच थांबवलेलं नाही. मी जीप घ्यायची म्हटलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "लावणार कुठे?" आणि त्याने पुन्हा पेपर उघडला.

परवा फोनवर तू "घेतलीस का?" एवढंच विचारलंस आणि हसलास. त्या हसण्याला पत्रानेच उत्तर द्यायचं ठरवलं, कारण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. तुमच्या विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमात, शंभरेक माणसांसमोर, माइक हातात असताना मी जाहीर केलं होतं की येत्या पौर्णिमेला मी चारही चाकांनी चिखल तुडवणाऱ्या स्वतःच्या गाडीतून येईन. (विषय स्त्रियांच्या स्वावलंबनाचा होता. ओघात आलं. ओघात आलेलं मागे घ्यायचं नाही, हे माझं जुनं धोरण तुला ठाऊक आहे आणि त्याचे परिणामही तुला ठाऊक आहेत.) तर दादा, घेतली नाही. आणि ते लिहिताना मला इतकं हलकं वाटतंय, की झालेली फजिती सगळी सांगून टाकते.

गाडी मला मिरवायला नको होती, हे आधी लक्षात घे. माझी शाळा आंदर मावळात आत. टाकव्याच्या पुढे एसटी दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर. त्यामुळे तिकडे एक रीत आहे. रस्त्याकडेच्या माणसाने हात केला की गाडीवाल्याने थांबायचं. ओळख विचारायची नाही, उतरताना आभार मानायचे नाहीत. माझ्या जुन्या लाल गाडीत गेली सात वर्षं रोज सकाळी दोघी ठरलेल्या. एक सरूबाई, आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. दुसऱ्या धोंडाबाई, वाड्यावस्त्यांवर सुकट-बोंबील विकतात. (माझ्या प्रत्येक साडीला तो वास आहे. मुख्याध्यापक बैठकीत खिडकीजवळची खुर्ची पकडतात.) जुलैत शाळेच्या अलीकडे ओढ्याने रस्ता खाल्ला. लाल गाडीचं पोट चिखलाला टेकलं आणि ती तीनदा तिथेच बसली. मग गाडी अलीकडे ठेवून आम्ही तिघी दोन किलोमीटर पायी जायला लागलो. खिचडी उशिरा, तास उशिरा, माझी कंबर संध्याकाळी हजेरी लावायची ती वेगळीच. शेवटी मी मनाशी ठरवलं, एक तर चिखलात चालेल अशी गाडी, नाही तर लोणावळ्याच्या शाळेत बदली. बदलीचा अर्ज भरून कपाटात ठेवला. द्यायची मुदत सप्टेंबरअखेर.

आता अडचण बघ. याच वर्षी जूनमध्ये मी लोणावळ्याच्या वाचनालयात अशाच गाड्यांवर तासभर बोलले होते. शनिवार-रविवारी पवनानगरकडे येऊन लोकांच्या भातखाचरांचे बांध फोडणाऱ्या हौशी मंडळींना मी त्या दिवशी 'चाकांवरचे सरंजामदार' म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. आणि सप्टेंबरात मी शोरूमच्या काचेच्या दाराशी उभी, तर समोर टाय लावलेला विक्रेता कोण? आपला स्वराज! माझ्या आठवी 'ब'मधला, बाकावर चढून भांडणारा. आता तिशीचा झालाय. "या मॅडम, सरंजामदारांच्या दारात स्वागत आहे," म्हणाला. तो त्या भाषणाला शेवटच्या रांगेत बसला होता म्हणे. मी त्याला अत्याचाराचं साधन आणि मुक्तीचं साधन यांतला फरक वीस मिनिटं समजावला. त्याने ऐकून घेतलं आणि गाडीचं माहितीपुस्तक हातात दिलं.

दादा, ते तीनशे पानांचं पुस्तक मी दोन रात्रींत वाचून काढलं, अधोरेखित केलं, समासात टिपा लिहिल्या. आणि तिथेच गाडं अडलं. त्यात असं दिलंय की नेहमीच्या रस्त्यावर ही गाडी मागच्या दोन चाकांवर चालते, पुढची दोन नुसती सोबत फिरतात. लागेल तेव्हा एक छोटा दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागतात. मी थबकले. म्हणजे दोघांनी राबायचं आणि दोघांनी राबणाऱ्यांच्या जिवावर डांबरी रस्त्याची हवा खायची? ज्या घरात आपल्या बापाने दोन्ही मुलांना पाळीपाळीने भांडी घासायला लावली, त्या घरातल्या मुलीने हे चालवून घ्यायचं? (पुढच्या पानावर चौकटीत 'सावधान' म्हणून काहीतरी होतं. मला वाटलं नेहमीचं असेल, आणि मी पान उलटलं.)

स्वराजने जुन्या ओळखीखातर चाचणीसाठी अर्ध्या दिवसाची गाडी दिली आणि स्वतः शेजारी बसला. लोणावळ्यातून निघतानाच मी तो दांडा ओढला, आणि अर्धवट कशाला म्हणून जास्तीत जास्त ताकदीच्या खुणेवर नेला. स्वराज म्हणाला, "मॅडम, ते इथे..." मी म्हणाले, "स्वराज, मध्ये बोलायचं नाही." तो लगेच गप्प बसला. शिक्षण इतकं खोल मुरतं, हे पाहून त्या क्षणी मला भरून आलं होतं. मग जुन्या हायवेने आम्ही ताशी पंचवीसच्या वेगाने निघालो. इंजिन पिठाच्या गिरणीसारखं ओरडत होतं. मला वाटलं, केवढी ही ताकद! मागे ट्रक, टेम्पो, कामशेतच्या बाजाराची भाजी, एक सहलीची बस. सगळे हॉर्न वाजवतायत आणि मी स्वराजला श्रमाच्या समान वाटणीवर सांगतेय. कान्हे फाट्याला डावीकडे वळायची वेळ आली, तर गाडी वळेना. नुसती उड्या मारत, कुंथत, हिसके देत रस्त्यात आडवी झाली. दोन्ही बाजू बंद. एक टेम्पोवाला खाली उतरून आला, आत वाकून बघितलं आणि स्वराजला म्हणाला, "काय रं, मावशीला मैदानात शिकवायचं सोडून हितं व्हय?"

तेव्हा स्वराजने हात वर केला. (शपथ, वर्गात करतात तसा.) म्हणाला, "मॅडम, आता बोलू?" वळताना प्रत्येक चाकाला वेगळं अंतर कापावं लागतं, पुढच्यांना जास्त, मागच्यांना कमी. चिखलात चाकं घसरून ते जमवून घेतात. कोरड्या डांबरावर मात्र त्यांना एकत्र जखडलं की ती एकमेकांशीच भांडतात. दादा, मी तीस वर्षं समतेवर बोलतेय, आणि समता म्हणजे सगळ्यांना एका दांड्याला जखडणं नव्हे हे मला माझ्या आठवी 'ब'ने, पन्नास गाड्या ताटकळत असताना शिकवलं. दांडा जागेवर गेला, गाडी शहाण्यासारखी वळली, टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या.

पण खरी परीक्षा पुढे होती. टाकव्याच्या पुढे आंब्याखाली सरूबाई आणि धोंडाबाई उभ्या होत्या. गाडी थांबवली तरी हात वर धरूनच उभ्या, कारण गाडी आपली वाटेना. मी काच खाली केली तेव्हा धोंडाबाईंनी आधी चाकं पाहिली, मग मला पाहिलं. "अगं बया! बाई, तुमची लाल गाडी कुटंय? आजारी हाय का?"

मी म्हणाले, बसा तर खरं. तर या गाडीला दारं दोनच. मागे जायचं तर स्वराजने उतरायचं, पुढची खुर्ची आडवी करायची, आणि मग कमरेएवढी पायरी चढून भुयारात शिरल्यासारखं आत शिरायचं. सरूबाईंनी एक पाय वर टाकला, लुगडं सावरलं आणि पाय खाली घेतला. धोंडाबाईंची पाटी दारातून आडवीही जाईना, उभीही जाईना. "ह्यात चढायचं म्हंजी आंब्यावर चढल्यावानी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी व्हा म्होरं. आमचं काय न्हाई, आमाला चालायची सवय हाय."

दादा, सात वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी चालत होत्या आणि मी गाडीत होते. मी गाडी त्यांच्या चालीने शेजारून चालवली आणि काचेतून बोलत राहिले. तुला सांगते, फाट्यावरच्या हॉर्नपेक्षा ते जास्त लागलं. ज्या दोघींसाठी गाडी घ्यायची, त्यांनाच तिच्यात जागा नव्हती.

मग ओढा आला. मी दांडा ओढला (यावेळी विचारून) आणि खरं ते सांगायला हवं, गाडीने तो चिखल असा काही पार केला की मी ओरडलेच. पलीकडे थांबून मोठ्या ऐटीत मागे पाहिलं, तर मागे कोणीच नाही. दोघी बांधावरून चपला हातात घेऊन, कोरड्या पायांनी माझ्या आधी पलीकडे येऊन बसल्या होत्या. धोंडाबाईंनी चिखलाकडे बोट केलं. "चाळीस पावलं हाईत. मोजल्यात म्या. चाळीस पावलांसाटी येवडी गाडी? बाई, तुमी तर लय बोलता. हितं मुरूम टाका म्हनून कुनाला बोलला का?"

मी एका शब्दात उत्तर दिलं, "नाही." (ही बातमी तू कोणाला सांगू नकोस.) हक्क, अर्ज, निवेदन यांवर मी जिल्हाभर भाषणं केली आणि माझ्या रोजच्या वाटेवरच्या चाळीस पावलांसाठी एक ओळ लिहिली नव्हती. गाडीचं पुस्तक मात्र समासात टिपांसह वाचलं होतं. त्याच दुपारी फळ्याखाली बसून ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, दोघींचे अंगठे आणि शाळेतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. घरी येऊन बदलीचा अर्ज फाडला. सुहासने पेपर खाली ठेवून विचारलं, "मग लावायचा प्रश्न मिटला?" मी म्हणाले, मिटला. आठ दिवसांत मुरुमाचा डंपर आला, दादा! आठ दिवसांत! त्या रात्री मी इतकी शांत झोपले, की सुहासने काळजीने उठवलं.

वहिनींना नमस्कार. पौर्णिमेला लाल गाडीतूनच येईन. तुला हसायचं असेल तेवढं फाटकातच हसून घे.

तुझी बहीण,
प्रतीक्षा

ता. क. गाडी घेत नाही म्हटल्यावर स्वराजला खूप वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्याने माझ्यासमोर सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की मलाच वाईट वाटलं.

ता. क. २. मुरूम आला, पण डंपरवाल्याने तो पसरायचं सोडून रस्त्याच्या मधोमध ढीग करून टाकला आणि गेला. आता चिखलातून जाता येत नाही आणि ढिगावरूनही. माणसं आहेत, फावडी-घमेली आहेत, पण उतार कुठे ठेवायचा, पाणी कुठून काढायचं, यावर गावात पाच मतं आहेत (सहावं माझं). तू बत्तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर मुकादम होतास. रविवारी ये. गुडघ्याला त्रास नको, खुर्ची टाकून देते. शिरगावला लोकांच्या गाड्या लावायला जेवढं ओरडतोस, तेवढंच इथे ओरडायचं. न्यायला मी लाल गाडी घेऊन येते.

ता. क. ३. खरं म्हणजे हे पत्र धोंडाबाईंनी लिहायला लावलं. ढीग पडला तरी आम्ही तिघी अजून पायीच जातो आणि वाटेत मी त्यांना श्रमाच्या समान वाटणीवर सांगते. बुधवारपासून त्या दोघी माझ्या आधी अर्धा तास निघून जायला लागल्या. विचारलं तर धोंडाबाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला बलवा आन् रस्ता करून घ्या. गाडी चालवताना तुमी जरा कमी बोलता."