न अडखळणारी समता

खामगाव, ४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. मी ठीक. तुझे गुडघे आणि बकरी कशी आहेत?

बाजारात रिक्षावर गोडमुक्ती चूर्णाचा भोंगा वाजतो ना, त्यातला आवाज माझा, पण ते बोलणं माझं नाही. मार्चमध्ये आमच्या चूर्ण कंपनीचे मालक भगवंतराव यांनी माझ्याकडून दोन दिवस नुसती वाक्यं वाचून घेतली. संगणक त्यावरून माझा आवाज शिकला. आता ते लिहितील ते तो माझ्या आवाजात बोलतो. मी समता, मी स्वतः वाचून खात्री केली आहे, हे चूर्ण घ्या आणि साखरेच्या आजाराची गोळी सोडा, हेसुद्धा.

गावभराचे कागद वाचून देणारी मी, आणि करारावर मागची बाजू न वाचता सही केली. आवाज कायमचा त्यांचा, असं तिथे आहे. बाहेर काही बोललीस तर वकिलाची नोटीस येईल, असं ते चहा पाजून म्हणाले.

सिंधूआत्याने काल फोनवर माझं ऐकलं नाही. तिला सांग, साखरेची गोळी सोडू नकोस.

माया आहे तशीच ठेव.
समता

जानेफळ, ११ ऑगस्ट

चि. समताले आईचा जयभीम.

तुह्यं पत्र बोट ठेवून वाचलं, दोन दिवस लागले. तू शिकवलं तेवढंच येते. बकरीनं तुह्या बारावीच्या वहीचं पुट्ठं खाल्लं. घरात आता तीच जास्त शिकलेली.

सिंधूनं पंधरा दिवसांपासून गोळी सोडली. तू आठवीत होती तवापासून तू पाकीट वाचल्याबिगर ते काही गिळत नाही. आता भोंग्यात तूच सांगतं म्हणते. फोनवरची समता अडखळते, भोंग्यातली अडखळत नाही, शिकलेली पोरगी अडखळीन काऊन, असं मलेच इचारते. तिच्या पायाची जखम भरून नाही राह्यली.

लवकर ये.
तुही आई

खामगाव, १८ ऑगस्ट

ती. आईस जयभीम.

रविवारी येते. आत्यासमोर बसून पाकीट वाचते. घरात बोलणं म्हणजे बाहेर बोलणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घालते आहे. पण फातिमाचाची आणि बाकी गावाचं काय? त्यांचेही कागद मीच वाचत होते. माझ्या मूळ मार्कशीट मालकांच्या कपाटात आहेत. रोज त्या कपाटाशेजारी बसून मी काम करते.

आता ते माझ्या आवाजात घरोघर फोनही लावणार आहेत. म्हणून एक पक्कं ठरवू. फोनवर मी काहीही म्हणाले तरी ऐकू नकोस, ठेवून दे. माझं खरं असेल ते कागदावर येईल.

वहीचं पुट्ठं माफ. बकरीला आतली पानं देऊ नकोस.
समता

जानेफळ, ३० ऑगस्ट

चि. समताले आशीर्वाद.

रविवारी तू पाकीट वाचून देल्लं तवापासून सिंधू गोळी घेऊन राह्यली. पायाची पट्टी रोज बदलतो, जखम थोडी वाळली. फातिमाबाईले मी सांगतलं, पण ते म्हणे माह्या कानानं ऐकलं, तुह्या पोरीनंच सांगतलं.

बुधवारी तुह्या आवाजात फोन आला. चूर्णाचा पहिला डबा संपायच्या आत दुसरा घ्या म्हणे. मी ठेवून देल्ला.

गुरुवारी परत आला. यावेळी चूर्णाचं काही नव्हतं. आई, आई म्हणत तू रडत होती, मधीच अडखळत होती. माह्या जिवाचं पाणी झालं. पण आवाज शिकणाऱ्या यंत्रानं अडखळणंबी शिकलं असीन, रडणंबी. तू सांगतलं तसंच केलं. ठेवून देल्ला. परत वाजला, उचलला नाही.

गुरुवारी तूच होती काय, ते लिहून कळव.

वाट पाह्यणारी,
तुही आई