लाल ठिपका

मँचेस्टर, शनिवार, नोव्हेंबर २००६

नेमबाजी क्लबच्या एअर पिस्तुलासाठी दोन रेड डॉट साइट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणाऱ्या दुर्बिणी, घरी आणल्या, निवडायला. दोन्हींतला लाल ठिपका फिसकटलेला! दुकानदाराला फोन लावणार होतो, तेवढ्यात बायकोला, नलूला म्हटलं, तू बघ जरा. तिने काचेतून भिंतीकडे पाहिलं.

"अहो, छान गोल आहे की. माझ्या टिकलीसारखा."

मी तिच्या टिकलीकडे पाहिलं. तीही फिसकटलेली. म्हणजे दोष माझ्या डोळ्यांत? आणि मी डोळ्यांचा डॉक्टर! दिवसभर लोकांचे डोळे तपासतो, स्वतःचे कधी...?

नलू हसली नाही. तिने गुपचूप ऑप्टिशियनची अपॉइंटमेंट घेतली. बरं झालं बाई तू आहेस, नाहीतर दुकानदाराशी भांडून आलो असतो.

साइट कुठलीही चालेल. टिकली मात्र गोल दिसायला हवी.