फॉर्मप्रमाणे मी पाचला उठतो

३ जून
एक्स्चेंजची सीट पक्की. एक सेमिस्टर परदेशात. आता प्रश्न राहण्याचा. तिथल्या कॅम्पसवर पाच इमारती आहेत आणि कुणाला कुठली द्यायची हे एका फॉर्मवरून ठरतं. बावीस प्रश्न. किती वाजता उठता, खोली किती वेळा झाडता, पाहुणे येतात का, वगैरे. ताई म्हणाली, दे इकडे, मी भरते, तुला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. म्हटलं, काही गरज नाही. शाळेपासून आजवर एकही पेपर दुसऱ्याकडून लिहून घेतलेला नाही.

४ जून
फॉर्म भरला. बावीसच्या बावीस बरोबर असावेत. उठण्याची वेळ: पाच. झाडलोट: रोज. पाहुणे: नाहीत. आवाज: सहन होत नाही. मोकळ्या वेळात: वाचन आणि ध्यान. यातलं अगदीच खोटं काही नाही. दोन वर्षांपूर्वी मामाच्या लग्नाला जाताना पाचला उठलो होतो. शिवाय तिकडे गेल्यावर असंच वागायचं ठरलंय, म्हणजे उत्तरं जरा आगाऊ लिहिली एवढंच.
आईला सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, हा कोण मुलगा?

२२ जुलै
रिझल्ट! चौथी इमारत, तिसरा मजला, दोघांत एक खोली. पत्रात लिहिलंय की ही 'शांत इमारत' पहाटे उठणाऱ्यांसाठी आहे. उत्तरं जुळवून रूममेट दिलाय. बावीसपैकी बावीस जुळली. पाचव्या इमारतीत म्हणे उशिरा उठणारे आणि गाणंबजावणं करणारे राहतात. नापासांचीही सोय केलेली दिसते.

२६ ऑगस्ट
पोचलो. दोन पलंग, दोन टेबलं, दोन खुर्च्या. गादी आहे, चादर, उशी आपली आपण आणायची. मोठी खिडकी, तोंड पूर्वेला. पडदा नाही. हाउसिंग ऑफिसच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, त्या इमारतीत आजवर कुणी पडदा मागितलेला नाही. मी म्हटलं, सहज विचारलं.
रूममेट आधीच आला होता. उंच, किडकिडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. साधनेने असंच होत असावं. मनातल्या मनात त्याचं नाव योगिराज ठेवलं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुझी उत्तरं वाचून मी घाबरलोच होतो. फार नम्र आहे.

२७ ऑगस्ट, पहाटे ५.०४
उठलो! दोघंही एकदमच. एकमेकांकडे बघून हसलो.

तोच दिवस, संध्याकाळी
सकाळी पाठीला पाठ करून ध्यानाला बसलो. माझं इतकं छान लागलं की कपाळ टेबलावर आपटलं. त्याचंही लागलं होतं, कारण त्याच्याकडून घोरल्यासारखा आवाज येत होता. प्राणायामातला एखादा अवघड प्रकार असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

३० ऑगस्ट
खोली सजवायची खरेदी. चादर, उशी, टेबल लॅम्प, झाडू, डोळ्यांवर बांधायची पट्टी, कानात घालायचे बोळे, जाड काळा पडदा. शेवटच्या तीन वस्तू ध्यानासाठी. भिंतीला भोक पाडायला मनाई आहे म्हणून पडदा चिकटपट्टीने लावला. योगिराजाने मदत केली. फारच उत्साहाने केली.

३१ ऑगस्ट
पडदा पहाटे सुटून योगिराजाच्या अंगावर पडला. तो त्याच्याखालून साडेआठपर्यंत बाहेर आला नाही. समाधी मोडू नये म्हणून मीही पांघरुणातच थांबलो. इथे आल्यापासूनचा सर्वांत चांगला दिवस.
संध्याकाळी मजल्याच्या प्रमुखाने पडदा काढायला लावला. बाहेरून इमारत एकसारखी दिसली पाहिजे म्हणे.

४ सप्टेंबर
आईने बळेबळे बॅगेत कोंबलेला कुकर आज काढला. पहिली शिट्टी झाली आणि मजल्यावरची एकूण एक दारं उघडली. कुणी रागावलं नाही. नुसते बघत उभे राहिले, ते जास्त लागलं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर कागद: शिट्टी वाजणारी भांडी वापरू नयेत. शिट्टी काढून लावला तर सगळी वाफ निघून गेली आणि तांदूळ टणकच राहिले. आठ वाजले, स्वयंपाकघर बंद झालं. तसेच चावून खाल्ले. योगिराजालाही दिले. त्याने सगळे संपवले. आज घरची फार आठवण येतेय.

९ सप्टेंबर
दुपारी लायब्ररीत झोपायला, म्हणजे वाचायला गेलो. कोपऱ्यातली खुर्ची आधीच कुणीतरी घेतली होती. बघतो तर योगिराज. पुस्तकावर कपाळ टेकवून बसला होता. ग्रंथाला नमस्कार करायची त्याच्याकडची पद्धत असेल. दीड तास वाट बघितली, नमस्कार काही संपेना.

१४ सप्टेंबर
अंगात कणकण. वर्गात डोळा लागला. सरांनी प्रश्न विचारला, मी दचकून उभा राहिलो आणि 'हजर' म्हणालो. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण रडू येत होतं.
ताईचा फोन. म्हणाली, ऑफिसात जाऊन सांगून टाक की मला नाही झेपत, दुसरी खोली द्या. तिला काय जातंय सांगायला. वीस दिवसांत शेपूट घालू? योगिराज हाडामांसाचाच आहे, कधीतरी दमेल, जाईल. मग खोली माझ्या एकट्याची. मग मी दहाला उठेन. अर्थात सुरुवातीचे काही दिवसच.

१८ सप्टेंबर
बाईंनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. तीन आठवडे झाले की सगळ्यांनाच विचारतात, कसं चाललंय. पाचव्या इमारतीत एक पलंग रिकामा झालाय. एकच. सोमवारनंतर सेमिस्टर संपेपर्यंत कुणाचीही खोली बदलून मिळणार नाही. हवाय का कुणाला?
आधी मला विचारलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मला हवाय, आत्ता हवाय, बॅग घेऊनच येतो. पण योगिराज शेजारी बसला होता आणि टक लावून माझ्याकडे बघत होता. त्याच्यासमोर कसं बोलणार? म्हटलं, छे, मी तर पहाटे उठणारा माणूस, माझं उत्तम चाललंय.
मग त्याला विचारलं. तो ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, मी जन्मात नऊच्या आधी उठलेलो नाही. फॉर्मवर चांगलं दिसावं म्हणून लिहिलं. आणि हा रोज उठतो, मग मी कसा झोपून राहू, लाज वाटते. बाईंनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग पाचव्या इमारतीची किल्ली. त्याच्याआडून माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलं हल्ली बघायला मिळत नाहीत.
मी थँक यू म्हटलं. थँक यू!

१९ सप्टेंबर
योगिराज गेला. दारात मला मिठी मारून म्हणाला, तुझ्यासारखं मला कधीच जमलं नसतं. त्याला खरं सांगावंसं वाटलं, पण आता सांगून उपयोग काय?
असो. खोली माझी. शेवटी जिंकलो मीच. उद्या रविवार. गजर बंद.

२० सप्टेंबर, सकाळी १०.४०
आत्ता उठलो. स्वर्ग.

तोच दिवस, संध्याकाळी
दार वाजलं. नवा रूममेट. या इमारतीच्या वेटिंग लिस्टवर वर्षभर होता म्हणे. दंड केवढे पिळदार! बाईंनी त्याला माझ्याबद्दल सगळं सांगून पाठवलंय. म्हणाला, मी चारला उठतो, तुला पाचची सवय आहे, माझा त्रास होईल का?
यावेळी खरं सांगायचं हे मी मनाशी पक्कं केलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, हल्ली मीही चारलाच उठतो.

२१ सप्टेंबर, पहाटे ४.१५
उठलोय. व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, अरे, बाईंनी तुला विचारलं होतं ना, मग खरं का नाही सांगितलंस? आज सोमवार, शेवटचा दिवस आहे, ऑफिस उघडलं की जाऊन सांग.
म्हटलं, हो, आज नक्की सांगतो. आत्ता ठेवतो, तो बूट घालून उभा आहे, आम्हाला पळायला जायचंय.