फुलाफुलांचा कप

औंध, गुरुवार, जून १९७४

बौद्धवाड्यातली माझी मैत्रीण कमल आज घरी आली. तिचा वेगळा कप वळचणीला असायचा. त्यावरून मी आईशी किती भांडले! आज आईनेच तिला पाहुण्यांसाठीचा फुलाफुलांचा कप दिला. का? तर कमल शाळेत शिक्षिका झाली. ती जागा मलाही हवी होती.

"आवं बाई, खुर्चीवर बसा की."

"काकू, मी कमळीच हाय."

"आता न्हाई. मास्तरीण झालासा!" मग माझ्याकडे वळून, "ए, बशी आण जा."

म्हणजे हक्क जन्माने नाही, नोकरीने मिळतो? पण खरं सांगू? तिच्या हातातला तो फुलाफुलांचा कप मला झोंबला. समता मीच तिला वाढणार, असं धरून बसले होते का मी?